रोमन कांस्यपात्रे (आयात) : वर्गीकरण

रोमन साम्राज्याच्या सीमेबाहेरील उत्खननांत सापडणाऱ्या धातूच्या भांड्यांचे प्रकार ठरविण्याची पद्धती. तिचा पाया हान्स युर्गेन एगर्स या जर्मन पुरातत्त्वज्ञाने १९५१ मध्ये रचला. स्वतंत्र जर्मानियातील आयात वस्तूंवरील त्याच्या ग्रंथात पात्रांना आकारानुसार क्रमांक दिले आहेत. आजही ‘एगर्स’ आणि क्रमांक एवढे लिहिले, की अभ्यासकांना पात्र नेमके कळते.

काठ, बूड, दांडा, कडी आणि कडी अडकविण्याचे कान हे भाग ओळखीला सर्वांत उपयोगी पडतात. पत्रा झिजून नाहीसा झाला तरी ओतीव दांडे व कान टिकतात. दांड्याच्या पातेल्यांवर कधी कारागिराचा ठसा असतो. इ. स. पहिल्या शतकातील किपियस पॉलिबियसचे ठसे इटलीपासून डेन्मार्कपर्यंत मिळाले आहेत. लोअर सॅक्सनीतील हेमोर या स्थळावरून ओळखल्या जाणाऱ्या बादल्या मात्र बहुधा पितळेच्या आहेत. म्हणून रासायनिक पृथक्करणाशिवाय ‘कांस्य’ हे नाव सैलच मानावे.

कालनिर्णय हा खरा अवघड भाग. धातूची भांडी पिढ्यान्‌पिढ्या वापरली जात, त्यामुळे घडणीचा व पुरला जाण्याचा काळ वेगळा असू शकतो.

महाराष्ट्रात कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी येथे सापडलेल्या निधीत पोसायडनच्या लहान मूर्तीबरोबर रोमन व स्थानिक पात्रे एकत्र होती. अशा ठिकाणी आयात आणि स्थानिक घडण वेगळी करणे हेच वर्गीकरणाचे पहिले काम ठरते.