कातिबाची दहा महिन्यांची मेहनत

इ. स. १४७६ साली स्पेनच्या वायव्येकडील ला कोरुन्या या बंदरात एक हिब्रू ग्रंथ पुरा झाला. युरोपात छपाई सुरू झाली होती. तरीही हा ग्रंथ हाताने लिहिला गेला. मोशे इब्न जबारा या कातिबाने इसहाक नावाच्या तरुणासाठी यहुदी धर्मग्रंथाची चोवीसही पुस्तके चर्मपत्रावर उतरवली. त्यास सुमारे दहा महिने लागले. इसहाकाने व त्याच्या वंशजांनी हा ग्रंथ अभ्यासावा, अशी इच्छा त्याने अखेरीस नोंदवली.

सजावट योसेफ इब्न हय्यीम याची. माशाच्या तोंडी सापडलेल्या हजरत युनूस यांचा प्रसंग त्याने रंगवला. आपल्याकडे पैगंबरांचे चित्रण करीत नाहीत. पण कथा ओळखीची आहे. काही पाने गालिच्यासारख्या भौमितिक नक्षीने भरली आहेत. कुरआनशरीफच्या जुन्या सुशोभित प्रती पाहिलेल्यास ती परकी वाटणार नाही. अंदलूसमधील मुस्लिम कारागिरांची ही कला यहुदी शेजाऱ्यांनी आपलीशी केली होती.

सोळाच वर्षांनी, १४९२ मध्ये, राजाज्ञेने यहुद्यांना स्पेन सोडावे लागले. घरेदारे मागे राहिली. हा ग्रंथ मात्र टिकला. ‘केनिकॉट बायबल’ या नावाने तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जतन केलेला आहे.

पालकहो, इस्टेट हिरावली जाऊ शकते. मुलांना दिलेली विद्या कोणी हिरावू शकत नाही. आणि विद्यार्थी मित्रहो, सहज मिळालेले पुस्तक उघडताना त्या कातिबाचे दहा महिने आठवा.