राज्य विरुद्ध केंद्र : कोर्टाचा खर्च कुणाच्या खिशातून? झुडपी जंगल ते खाण कर, दोन्ही जिल्ह्यांसाठी सविस्तर माहिती

चंद्रपूर/गडचिरोली : जमीन गावाची, सातबारा तलाठ्याकडे, पण त्या जमिनीवर काय करता येईल हे ठरतं दिल्लीत. जंगल, कोळसा, लोहखनिज आणि चुनखडी असलेल्या या दोन जिल्ह्यांत अनेक गावांचा हाच अनुभव आहे. राज्य आणि केंद्र यांचं जमलं नाही की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जातं, वर्षानुवर्षे तारखा पडतात आणि वकिलांची फी सरकार भरतं. ही फी येते कुठून, आणि त्यातून गावाला काय मिळतं, याची ही माहिती.

राज्य केंद्रावर केस करू शकतं का?

होय. राज्यघटनेच्या कलम १३१ नुसार केंद्र आणि राज्य किंवा दोन राज्ये यांच्यातील कायदेशीर हक्काचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयातच चालतो. कलम ३०० नुसार केंद्राच्या नावे दावा ‘भारतीय संघराज्य’ म्हणून, तर राज्याचा दावा राज्याच्या नावाने दाखल होतो.

महाराष्ट्राचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण म्हणजे सीमाप्रश्न. २००४ साली राज्याने दाखल केलेल्या दाव्यात कर्नाटकासोबत केंद्र सरकारही प्रतिवादी आहे, कारण सीमा ठरल्या त्या संसदेने केलेल्या १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने. दोन दशकं उलटली तरी अंतिम निकाल लागलेला नाही. २७ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर अधिवेशनात विधिमंडळाने ८६५ गावांसाठी कायदेशीर लढा देण्याचा ठराव एकमताने केला. जिवती तालुक्यातील तेलंगणा सीमेवरच्या १४ गावांमुळे ‘गाव नेमकं कुणाचं’ हा प्रश्न चंद्रपूरकरांनाही नवा नाही.

पैसा कुठून येतो?

राज्याची बाजू मांडणारे सर्वोच्च विधी अधिकारी म्हणजे महाधिवक्ता. त्यांचं पद कलम १६५ मधलं. त्यांच्याखाली सरकारी वकील, आणि दिल्लीत राज्याने नेमलेले वकील असतात. प्रकरण मोठं असेल तर ज्येष्ठ विधिज्ञ वेगळे नेमले जातात. त्यांच्या नेमणुकीचे आणि फीचे शासन निर्णय निघतात.

हा खर्च राज्याच्या एकत्रित निधीतून, म्हणजे आपल्याच करातून होतो. अर्थसंकल्पात विभागाच्या मागणीत तरतूद असते, ती विधानसभा मंजूर करते. पैसा कमी पडला तर पुरवणी मागण्या येतात. कोर्टाच्या हुकूमनाम्यानुसार द्यावी लागणारी रक्कम मात्र ‘भारित खर्च’ धरली जाते. कलम २०२ आणि २०३ नुसार त्यावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. म्हणजे केस हरल्यावरचं बिल आमदारांना थांबवता येत नाही.

दुसऱ्या बाजूला केंद्राचे अॅटर्नी जनरल आणि सॉलिसिटर जनरल यांचा खर्च केंद्राच्या तिजोरीतून होतो. ती तिजोरीही जनतेचीच. दोन्हीकडच्या वकिलांना पैसे देणारा एकच, करदाता.

अमेरिकेत काही राज्ये यासाठी उघडपणे वेगळी रक्कम काढतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाने ५ कोटी डॉलर मंजूर केले. त्यातले अडीच कोटी केंद्र सरकारविरुद्धच्या खटल्यांसाठी आणि अडीच कोटी नागरिकांना कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थांसाठी होते. आकडा एका ठिकाणी दिसला की हिशेब विचारणं सोपं जातं.

कोळसा : हरलेली जुनी लढाई

वेकोलिसाठी जमीन गेलेल्या गावांना ‘सेक्शन ४, ७, ९’ हे शब्द तोंडपाठ आहेत. हा १९५७ चा कोळसाधारक क्षेत्र कायदा केंद्राचा. राज्याच्या मालकीची जमीन केंद्र अशी घेऊ शकत नाही, असं म्हणत पश्चिम बंगालने कलम १३१ खाली दावा केला होता. डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने केंद्राच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे आजही सेक्शन ७ ची अधिसूचना निघाली की हरकतीसाठी फक्त ३० दिवस मिळतात. ती मुदत सोडू नये.

खाण कर : राज्यांनी जिंकलेली लढाई

२५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ८ विरुद्ध १ मताने सांगितलं की रॉयल्टी हा कर नाही आणि खनिज असलेल्या जमिनीवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. केंद्राची भूमिका याविरुद्ध होती. १४ ऑगस्ट २०२४ च्या आदेशानुसार १ एप्रिल २००५ नंतरच्या व्यवहारांची मागणी करता येते, पण वसुली १ एप्रिल २०२६ पासून १२ वर्षांच्या हप्त्यांत करायची आहे.

एटापल्लीतलं सुरजागड, घुग्घुस-बल्लारपूरचा कोळसा आणि कोरपना-राजुरा पट्ट्यातली चुनखडी पाहता हा निकाल दोन्ही जिल्ह्यांसाठी महत्त्वाचा आहे. मात्र त्यासाठी राज्याचा स्वतःचा कायदा हवा. कोर्टाने अधिकार मान्य केला, पैसा आपोआप येत नाही. आणि असा कर राज्याच्या तिजोरीत जाईल. खाणबाधित गावांसाठीचा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी वेगळा असतो.

झुडपी जंगल : निकाल लागला, काम बाकी

पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांचा हा जुना तिढा. महसूल खात्याच्या नोंदीत ‘झुडपी जंगल’, पण प्रत्यक्षात घरं, शाळा, स्मशानभूमी, वावर. सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वनव्यवस्थापनाला योग्य नाही, असं राज्याचं म्हणणं होतं. हा कलम १३१ चा दावा नव्हता. अडचण होती ती केंद्राच्या १९८० च्या वन संवर्धन कायद्याची.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचं सांगितलं, पण सवलतही दिली. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी राज्याने जिल्हानिहाय एकत्रित प्रस्ताव केंद्राकडे पाठवायचा आहे. त्यासाठी पर्यायी वनीकरण किंवा वनमूल्याची रक्कम मागितली जाणार नाही. मंजुरीनंतर जमिनीचा वापर बदलता येणार नाही आणि ती फक्त वारसाहक्कानेच हस्तांतरित होईल. १९९६ नंतरच्या वाटपाला मात्र कडक चाळणी आहे.

इथेच गावाचा खरा मुद्दा येतो. दिल्लीतल्या वकिलाचं काम संपलं, आता भिस्त तहसीलच्या दप्तरावर आहे. वाटपाचा आदेश, जुना सातबारा, निस्तार पत्रक हाती नसेल तर जिंकलेली सवलतही कामाची नाही.

नागरिकांनी काय करावं?

- वाटपाच्या आदेशाची तारीख तपासावी, नक्कल तहसील अभिलेखातून काढून ठेवावी.
- आपला गट क्रमांक जिल्ह्याच्या प्रस्तावात आहे का, हे ग्रामसभेमार्फत लेखी विचारावं.
- एखाद्या खटल्यावर राज्याने किती खर्च केला, हे माहिती अधिकारात संबंधित विभागाकडे मागता येतं. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना माफ. उत्तराची मुदत ३० दिवस.
- स्वतःची केस लढायची असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जावं. १९८७ च्या कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

सरकारला वकील सरकारी पैशातून मिळतो. आदिवासी शेतकऱ्यालाही तो मिळू शकतो, फक्त अर्ज करावा लागतो.