मृत्तिकाशंकू व उषवदाताचा दानलेख

सुमेर देशाचे राजे देवालय बांधतांना भिंतींत खिळ्याच्या आकाराचे मातीचे शंकू बसवीत व त्यांवर बांधकामाचा लेख उमटवीत. लगशचा अधिपति गुदेआ (इ. स. पू. २२ वें शतक) याचे असे शंकू गिर्सु येथें विपुल सांपडले आहेत. लेखाचा सांचा ठराविक आहे: प्रथम देव निंगिर्सु, मग राजा व त्याचें बिरुद, शेवटीं एनिन्नू मंदिर बांधल्याचें क्रियापद. एकाच मजकुराच्या अनेक प्रती असल्यानें एका शंकूवर झिजलेलें अक्षर दुसऱ्यावरून भरतां येतें. पोथ्या ताडून पाहणाऱ्यांस ही रीति परिचितच आहे.

परंतु प्रती पुष्कळ म्हणजे साक्षी पुष्कळ, असें नव्हे. सारे शंकू एका राजाच्याच मुखानें बोलतात. म्हणून राजलेखाची परीक्षा त्याच्या अंतरंगांत शोधावी लागते. तिचें उत्तम उदाहरण नाशकांतील आमच्या द्वारकेहून मुंबईच्या वाटेवर, त्रिरश्मि डोंगरांतील दहाव्या लेण्यांत आहे.

क्षहरात क्षत्रप नहपान याचा जामात, दीनिकपुत्र उषवदात, याचा वर्ष ४२ चा लेख तेथें आहे. त्यानें ३,००० कार्षापण गोवर्धनांतील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविले: २,००० शेंकडा १ दरानें, १,००० शेंकडा पाऊण दरानें. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं. केवळ व्याज भोगावयाचें. पहिल्या ठेवीच्या व्याजांतून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं बारा. दर मासिक कीं वार्षिक, हें लेखांत नाहीं. वार्षिक धरल्यास व्याज २० च होतें. मासिक धरल्यास वर्षाचे २४०, म्हणजे बरोबर वीस गुणिले बारा. येथें दुसऱ्या प्रतीचें काम गणितानें केलें आहे.

गणितानें वाचन शुद्ध ठरलें, तरी दान खरें कशावरून? हें दान निगमसभेंत ऐकविलें व फलकावर नोंदविलें, असें लेख म्हणतो. तो फलक आज उरलेला नाहीं. तथापि जेथें असत्य तत्काळ उघड झालें असतें, त्याच गांवाजवळ हें विधान कोरलें आहे. शंकूवरील मजकूर भिंतीच्या पोटांत जाई. तो देवासाठीं व पुढें जीर्णोद्धार करणाऱ्या राजासाठीं असे. त्यास हटकणारा शेजारी नव्हता.

तेव्हां लेखांत काय आहे याबरोबरच तो कोणासमोर होता, हेंही संशोधकानें विचारावें. आणि संग्राहकानें वस्तूचें मूळ स्थान अक्षरांइतक्याच काळजीनें टिपून ठेवावें. भिंतीवांचून शंकूची निम्मी साक्ष बुडते.