कुलूप कोणी उघडावे?

कलकत्त्याच्या अंधारकोठडीची हकीकत आमच्या पिढीच्या पुष्कळांना शाळेपासून ठाऊक असते. जून 1756 मधील ती रात्र इंग्रजी इतिहासकारांनी इतक्या वेळा सांगितली की, तिच्यावर वाद घालणाऱ्यांनाही ती पाठ झाली. परंतु त्यानंतर पस्तीस वर्षांनी, पेशव्यांच्या खुद्द पुण्यात, आपल्याच राज्यात आणि आपल्याच अंमलदाराच्या हातून अशीच एक कोठडी माणसांनी भरली गेली व तीत एकवीस जीव गुदमरून गेले, हे सांगावयास आमची जीभ थोडी अडखळते. दुसऱ्याच्या कोठडीचा हिशेब ठेवणे सोपे असते. आपल्या घरच्या कोठडीचा ठेवावयाचा म्हणजे मन घट्ट करावे लागते. तेवढे मन आज घट्ट करावे, अशी वाचकांना आमची विनंती आहे.

पेशवाईतील पुण्याचा कोतवाल म्हणजे नुसता चोर धरणारा शिपाईगडी नव्हे. बाजारातील भाव व वजनेमापे, घरांची खरेदीविक्री, परगावच्या माणसांची ये-जा, रात्रीची गस्त, किरकोळ तंट्यांचा निवाडा ही सारी कामे त्याच्या चावडीवरून चालत. दंडाची वसुली हा कोतवालीच्या उत्पन्नाचाच एक भाग असे. पकडणारा, निवाडा करणारा आणि दंडाचे पैसे मोजून घेणारा एकच असला म्हणजे काय होते, हे सांगण्यासाठी कायद्याचे पुस्तक उघडण्याची गरज नाही. सवाई माधवरावांच्या काळी, नाना फडणीसांच्या कारभारात, हे पद औरंगाबादेहून आलेल्या घाशीराम नावाच्या उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मणाकडे होते. नानांचा त्याच्यावर विश्वास होता. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडेल त्याला घाशीरामाची माणसे चावडीत नेऊन बसवीत. शहरात त्याचा दरारा होता, आणि दराऱ्यालाच बंदोबस्त समजण्याची चूक राज्यकर्ते आणि रयत दोघेही करीत होते.

इ. स. 1791, शके 1713. श्रावणमासात पुण्यास दक्षिणा वाटली जाई. दाभाड्यांनी सुरू केलेली ही चाल पेशव्यांनी पुढे वाढविली होती. तेलंगण, कर्नाटक, कोकण, काशी अशा दूरदूरच्या प्रांतांतून वैदिक व शास्त्री पायी चालत येत आणि पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात त्यांची गर्दी होई. त्या वर्षी दक्षिणा आटोपून परतीच्या वाटेस लागलेल्या तेलंगी ब्राह्मणांचा एक जथा भवानी पेठेत घाशीरामाच्या बागेजवळ उतरला. बागेतील फळांवरून माळ्याशी बोलाचाली झाली. भुकेल्या वाटसरूने झाडाचे फळ तोडले, एवढाच काय तो गुन्हा. कोतवालाकडे वर्दी गेली ती मात्र चोर आल्याची. 29 ऑगस्टच्या रात्री शिपाई आले, तीस-पस्तीस माणसांना त्यांनी धरले आणि एका अरुंद, कोंदट जागेत कोंडून बाहेरून कुलूप ठोकले.

रात्र सरली, दिवस उगवला, तरी ते कुलूप निघाले नाही. भवानी पेठ काही अरण्य नव्हते. तेथे माणसे राहत होती, जातयेत होती. आतला आक्रोश बाहेर ऐकू येत नव्हता, असे मानता येत नाही. कारण तो शेवटी एकाने ऐकलाच. मग इतरांनी काय केले? कोतवालाचे कुलूप ते, त्याला आपण कसा हात लावावा, असे म्हणून ते पुढे गेले असतील. आतले लोक परप्रांतीचे, त्यांची भाषा वेगळी, ते खरेच चोर असले तर? असेही कुणाच्या मनात आले असेल. त्या लोकांना नावे ठेवणे आम्हांस सोपे वाटत नाही. त्याचे कारण पुढे सांगू.

ज्याने ऐकले तो मानाजी शिंदे, फाकडे. साडेतीन फाकड्यांतील हा एक. लढाईत नाव काढलेला सरदार. त्याने ते कुलूप तोडविले. दार उघडल्यावर जे दिसले त्याचे वर्णन आम्ही करीत नाही. एकूण एकवीस माणसे प्राणास मुकली. बातमी वाड्यावर गेली. नानांनी कोतवालास विचारले, तेव्हा त्याने सांगितले ते इतकेच की, धरलेले लोक चोर होते.

हे उत्तर वाचकांनी नीट पाहावे. प्रश्न होता, माणसे मेली कशी? उत्तर मिळाले, ती माणसे वाईट होती. गेल्या सव्वादोनशे वर्षांत या उत्तराचे शब्द बदलले असतील, त्याची ठेवण बदललेली नाही. चौकीत माणूस मेला की त्याच्या मागच्या गुन्ह्यांची यादी प्रथम बाहेर येते आणि वैद्याचा दाखला मागाहून. आतले लोक खरोखरच चोर असते, तरी त्यांचा श्वास बंद करण्याचा अधिकार कोणत्या सनदेने कोतवालास दिला होता? पण हा प्रश्न त्या दिवशी दरबारात प्रथम कोणी विचारला नाही. तो विचारण्यास नानांच्या वाड्यासमोर तेलंगी ब्राह्मणांचा मोठा जमाव जमावा लागला. जमाव हटेना, तेव्हा न्यायाधीश अय्याशास्त्री यांना बोलावण्यात आले आणि मृत्युदंड ठरला. घाशीरामाला हत्तीवर बांधून शहरातून फिरविले. 31 ऑगस्ट रोजी त्याला जमावाच्या स्वाधीन करण्यात आले, आणि तेलंगांनी त्याला दगडांनी ठेचून मारले.

पुष्कळ लोक येथे समाधानाचा सुस्कारा टाकतात. अन्यायाचे पारिपत्य झाले, असे म्हणून पान उलटतात. आम्हांस ते साधत नाही. ज्या राज्याने कोतवालाच्या हाती कुलूप व किल्ली दोन्ही दिली, त्याच राज्याने दोन दिवसांनी जमावाच्या हाती दगड दिला. पहिल्या खेपेस विचारणारा कोणी नव्हता, दुसऱ्या खेपेस ऐकणारा कोणी नव्हता. कोतवालाला हुकूम कोणाचा होता, शिपायांपैकी कोणी कुलूप काढण्याची परवानगी मागितली होती काय, आधीची किती वर्षे लोकांच्या तक्रारी कोणत्या दाराशी जाऊन परतल्या, यांतले काही तपासले जाण्यापूर्वीच सांगू शकणारा माणूस दगडांखाली गेला. नानांच्या कारभारावरचा प्रश्नही त्याच्याबरोबर गेला. एक मनुष्य वाईट होता, तो मेला, राज्य चांगले आहे, एवढ्यावर सर्वांनी मिटविले. विचारण्याची वाट बुजली म्हणजे माणसे दगड शोधतात, आणि दगड चालला म्हणजे विचारण्याचे उरतच नाही.

पुण्याला ही गोष्ट विसरता आली नाही. 1863 मध्ये मोरोबा कान्होबांनी घाशीरामाच्या नावाने पुस्तक लिहिले. 16 डिसेंबर 1972 रोजी विजय तेंडुलकरांचे नाटक पुण्यात रंगभूमीवर आले आणि त्यावर मोठे वादळ उठले. नाटकातले नाना खरे की खोटे, यावर सभा झाल्या, निषेध झाले. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे, एका पोलिस ठाण्यात घडलेल्या गोष्टीची मात्र पुण्यात त्या वेळी कोणाला वार्ताही नव्हती. एका अल्पवयीन आदिवासी मुलीला जबाबासाठी तेथे आणले होते. बरोबरच्यांना बाहेर जावयास सांगून तिला आत ठेवून घेण्यात आले. बाहेर थांबलेल्या नातलगांनी पाहिले तो ठाण्यातले दिवे मालवलेले आणि दार आतून लावलेले. त्यांनी हाका मारल्या. गर्दी जमली. ती गर्दी हटेना, म्हणूनच मुलीची फिर्याद लिहून घेतली गेली. भवानी पेठेत जे काम एका सरदाराने केले, ते येथे नाव नसलेल्या गोरगरिबांनी केले.

पुढे सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले, 1976 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. न्यायाचे दारही तेथे लागले असे वाटले. तेव्हा 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेशिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्या खटल्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते वाटेने जाणारेच होते. पण त्यांनी विचारले. देशभर चर्चा झाली, स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात, आपली संमती नव्हती असे स्त्रीने शपथेवर सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. येथे कोणी दगड उचलला नाही. म्हणूनच प्रश्न शेवटपर्यंत जिवंत राहिला.

गोमंतकातील वाचकांना 18 जून 1946 चे मडगाव आठवेल. सभा भरविण्याचीच जेथे बंदी, तेथे डॉ. राममनोहर लोहिया व डॉ. ज्युलियांव मिनेझिस भर पावसात बोलावयास आले. अंमलदार कॅप्टन मिरांडा याने पिस्तूल काढले. लोहियांनी त्याचा हात धरून बाजूला सारला. दोघांना अटक झाली. पण बघ्यांच्या गर्दीतून त्या दिवशी जे परतले ते बघे राहिले नाहीत. बळाचा वापर प्रश्नापुढे किती तोकडा पडतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पंधरा वर्षांनी, डिसेंबर 1961 मध्ये, गोवा मुक्त झाला.

आता आमचे कारण सांगतो. वकिलीची पहिलीच वर्षे होती. एका देवस्थानच्या जत्रेत आम्ही सहकुटुंब गेलो होतो. पालखी यावयाची होती, गर्दी दाटली होती. बंदोबस्तावरचा एक शिपाई फुगे विकणाऱ्या एका पोराला काठीने मारीत होता. पोर रडतही नव्हते, फुग्यांची काठी तेवढी उंच धरून उभे होते. एक म्हातारा पुढे झाला आणि शांतपणे म्हणाला, "कित्याक मारता ताका?" उत्तरादाखल काठी त्याच्या खांद्यावर बसली. आम्ही दहा पावलांवर होतो. कायद्याची पदवी आमच्यापाशी होती, त्या म्हाताऱ्यापाशी नव्हती. इतक्यात पालखी आली, सर्वांनी हात जोडले, आम्हीही जोडले. देवापुढे जोडलेले ते हात आम्हांस आजही नीट आठवतात, कारण त्या क्षणी ते दुसऱ्या कामाचे होते. भवानी पेठेतून मुकाट्याने पुढे गेलेल्यांना आम्ही नावे का ठेवीत नाही, हे आता वाचकांच्या ध्यानात येईल.

त्या दिवशी आम्हांस जे सुचले नाही ते कायदाच सांगतो. धरलेला माणूस पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून अधिक बंधन त्याच्यावर घालता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे, असे आपल्या संविधानाचे 22 वे कलम म्हणते. 1996 मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 36 व्या कलमाप्रमाणे अटकेचे टिपण तेथल्या तेथे करावे लागते, आणि त्यावर घरच्या एखाद्या माणसाची किंवा त्या वस्तीतील प्रतिष्ठित रहिवाशाची साक्ष लागते. घराच्या झडतीसही त्याच वस्तीतले पंच लागतात. या कलमांचा अर्थ आम्ही असा करतो की, रस्त्यावरून जाणारा मनुष्य पोलिसांच्या कामात आडवा येणारा नव्हे. त्या कामाचा तो कायद्यानेच नेमलेला साक्षी आहे. शिपायाचा हात धरणे हा अपराध होईल, त्याच्या अंगावर धावून जाणे हाही होईल. परंतु कोणाला नेता, कोठे नेता, का मारता, एवढे शांतपणे विचारणे अपराध नाही. उलट, आम्ही कोर्टात असे पंच पाहिले आहेत की, ज्यांनी कोऱ्या कागदावर सही केली आणि उलटतपासणीत मान खाली घातली. तेही कुलूप लावण्यास हात देणारेच.

पोलिसांविषयी आमच्या मनात अढी नाही. जत्रेच्या रात्री आपली लेकीसुना निर्धास्त फिरतात त्या त्यांच्याच जागरणावर. प्रामाणिक शिपायाला प्रश्नाची भीती नसते. साक्षी असला म्हणजे त्याचेच रक्षण होते. घाशीरामाला पहिल्याच वर्षी कोणी खडसावून विचारले असते, आणि विचारणाऱ्याला राज्याने पाठीशी घातले असते, तर एकवीस ब्राह्मण आपल्या गावी पोचले असते; आणि कोण जाणे, घाशीरामही म्हातारा होऊन आपल्या घरी मेला असता.

पुढच्या जत्रेत आम्ही त्याच देवळाच्या ओट्यावर बसणार आहो. त्या म्हाताऱ्याचे नाव आम्ही विचारून घेतले नाही, ही आमची दुसरी चूक. त्याचे तीन शब्द मात्र आम्ही पाठ केले आहेत.