मार्च १९८९, विमको नाका

डोळे उघड. पहाटेचे साडेचार वाजलेत आणि तू पोटमाळ्यावर आहेस. उठून बसताना मान वाकव, नाहीतर पत्रा डोक्याला लागेल. बल्बला आईने वर्तमानपत्राची टोपी घातली आहे. उजेड तुझ्या वहीवर पडतो, खाली झोपलेल्यांच्या डोळ्यांवर जात नाही. तू सोळा वर्षांची आहेस, अंबरनाथ पश्चिमेला विमको नाक्याजवळच्या चाळीत राहतेस आणि आज तुझा दहावीचा भूमितीचा पेपर आहे.

पुढच्या काळातलं तुला जे काही माहीत आहे ते विसर. शंका आली तर विचारायला इथे दोनच जागा आहेत. एक शाळेतले गणिताचे सर, ते डिसेंबरपासून सकाळी जादा तास घेतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. दुसरी म्हणजे तुझ्या मांडीवरचं ‘२१ अपेक्षित’, प्रश्नसंचांचं पुस्तक. त्याचं कव्हर केव्हाच गेलंय. ते आधी समोरच्या खोलीतल्या ताईचं होतं, तिच्याआधी तिच्या भावाचं. भाऊ नुसत्या फुल्या मारायचा. ताई समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायची, कुठे ‘मार्च ८५’, कुठे ‘ऑक्टो. ८६’, कुठे नुसतं ‘व्हीआयएमपी’. प्रश्न किती वेळा आलाय हे त्यावरून कळतं. ऑक्टोबर वाचलं की मात्र पोटात गोळा येतो. नापास झालेली मुलं ऑक्टोबरला बसतात.

वर्तुळाचं पान काढ. दोन वर्तुळं एकमेकांना दोन बिंदूंत छेदतात. एका छेदनबिंदूतून एक रेषा गेली आहे, दुसऱ्यातून दुसरी, आणि प्रत्येक रेषा दोन्ही वर्तुळांना आणखी एकेकदा भेटते. दोन्ही टोकांच्या जीवा समांतर आहेत हे सिद्ध करायचंय. काल रात्री तू इथेच अडकलीस. पक्ष लिहिलास, साध्य लिहिलंस, आणि ‘सिद्धता’ या शब्दापुढे पेन थांबलं. आता आकृती नीट बघ. ताईने दोन छेदनबिंदू जोडणारी एक तुटक रेघ पेन्सिलीने काढून ठेवली आहे. ती पुसट झालीय म्हणून रात्री दिसली नाही. ती सामाईक जीवा काढली की एका आकृतीत दोन चक्रीय चौकोन उभे राहतात. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परपूरक, बाह्यकोन संमुख आंतरकोनाइतका. डावीकडचा कोन त्या रेघेपाशी येतो, तिथून उजवीकडे जातो, आंतरकोनांची बेरीज १८० अंश होते आणि रेषा समांतर. पाच ओळी. प्रश्नात न दिलेली रेघ आपण काढायची असते, हे या पानाने तुला जेवढं पटवलं तेवढं कुणी पटवलं नव्हतं.

पाच वाजले, नळ आला. खाली हंडे भरायला लागतील, पण आवाज ऐक: बादलीत पाणी पडताना कुणीतरी तळाशी फडकं टाकलंय. गेला महिनाभर हे चाललंय. दहावीला मूल एकटं बसतं असं ज्याला वाटतं, त्याने या चाळीत मार्च काढावा. रविवारी सकाळी नऊला ‘महाभारत’ लागतं. शेजारच्या काकूंकडे चाळीतला एकुलता रंगीत टीव्ही आहे आणि दारापर्यंत माणसं बसतात. पण जानेवारीपासून काकूंनी आवाज बारीक ठेवलाय. मागे बसलेल्यांना संवाद ऐकू येत नाहीत, तरी कुणी वाढवा म्हणत नाही. ६ मार्चला महाशिवरात्र झाली. पूर्वेला शिवमंदिराची जत्रा, पुलावर पाय ठेवायला जागा नाही. दादा जत्रेतून तुझ्यासाठी दोन रिफिली आणि लिमलेटच्या गोळ्या घेऊन आला. तू या वर्षी मंदिराकडे फिरकली नाहीस. नऊशे वर्षं उभं आहे ते, पुढच्या वर्षीही असेल.

सहाच्या सुमाराला भोंगा होतो. बाबा विमकोत आहेत. स्वीडनच्या कंपनीने १९२०च्या दशकात इथे काडेपेटीचा कारखाना काढला, आणि पश्चिमेची अर्धी वस्ती आजही त्याच्या पाळ्यांवर झोपते-उठते. उरलेली अर्धी ऑर्डनन्स फॅक्टरीवर. दादा दहावीला पन्नास टक्क्यांवर अडला, आयटीआय केला, आता ऑर्डनन्समध्ये अप्रेंटिस आहे. चांगलं काम आहे ते, घरात त्याचा मान आहे. पण मुलीला ती वाट फारशी कुणी सुचवत नाही. तुझ्यापुढे दोन गोष्टी आहेत. मार्क पडले तर उल्हासनगरचं चांदीबाई नाहीतर कल्याणचं बिर्ला कॉलेज. नाही पडले तर शिवणक्लास आणि मामांनी आणलेलं एखादं स्थळ. यावर घरात कुणी बोललेलं नाही. बोलत नाहीत म्हणूनच तुला ते पक्कं ठाऊक आहे. आईची शाळा सातवीला सुटली. बाबा मॅट्रिकला बसले ते जुन्या अकरावीला. दहावीची पहिली बॅच बसली ती नंतर, १९७५ मध्ये. गणितात बाबा राहिले आणि पुन्हा बसले नाहीत. तुझं गणित दीडशे मार्कांचं, त्यात भूमिती पंचाहत्तर. ते तुझ्या भूमितीच्या वहीला हात लावत नाहीत. रोज रात्री पेन्सिलींना टोक मात्र तेच करून ठेवतात, ब्लेडने, लांब आणि एकसारखं.

आज त्यांनी पाळी बदलून घेतलीय. सेंटर बदलापूरला आलंय, एकच स्टेशन, पण कर्जतकडे जाणाऱ्या गाड्या थोड्या आणि त्यांचा भरवसा नाही. दही-साखर हातावर घे. देवाला नमस्कार कर, मग आईला. कंपासपेटी उघडून बघ: कर्कटक, कोनमापक, दोन गुण्ये, खोडरबर. हॉल तिकीट पॅडच्या क्लिपला आहे. परत बघ. आहे.

प्लॅटफॉर्मवर गाडी लागलेली नाही. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. पांढऱ्या ब्लाऊजच्या, निळ्या स्कर्टच्या मुली खांबाला टेकून प्रमेयं पुटपुटतायत. आपला पेपर चुकणार ही भीती या वयात सगळ्यात खरी असते, आणि मला ती कधीच हसण्यासारखी वाटली नाही. एकतीस वर्षांनी, २३ मार्च २०२० ला, दहावीची मुलं भूगोल घोकून तयार असतील आणि कोरोनामुळे पेपर होणारच नाही. आधी पुढे ढकलतील, मग रद्द करतील, आणि मार्क बाकीच्या विषयांच्या सरासरीने देतील. त्याच्या पुढच्या वर्षी परीक्षाच नसेल आणि निकाल ९९.९५ टक्के लागेल. ज्यांनी वर्षभर अभ्यास केला त्या मुलांबद्दल मला आजही हळहळ वाटते. तुला मात्र यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही. गाडी आली. चढ.

बदलापूरच्या शाळेत बाकाच्या कोपऱ्यावर खडूने तुझा नंबर आहे. बाबा फाटकाबाहेर थांबलेत. घंटा. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक अंकी लिही, मग अक्षरी, आणि दोन्ही एकमेकांशी ताडून बघ. दुसरी घंटा. पेपर हातात आला की आधी सगळा वाचायचा, असं सरांनी बजावलं होतं. तू वाचत नाहीस, थेट वर्तुळावर जातेस. प्रमेय आलंय, तोंडपाठ आहे. रायडर, म्हणजे प्रमेयावर बेतलेला प्रश्न, मात्र ओळखीचा नाही. ‘अपेक्षित’मध्ये नव्हता, ताईच्या समासातही नव्हता. हात गार पडतात. बाकीचं आधी सोडव. रचना काढ, कर्कटक घट्ट धर, कंस पुसू नकोस, त्याला मार्क असतात. पुरवणी माग, नंबर लिही, पर्यवेक्षकांची सही घे. आता परत ये रायडरकडे. आकृती मोठी काढ. दिलेलं सगळं त्यात भर. आणि जे दिलेलं नाही ते शोध. केंद्रातून एक त्रिज्या काढून बघ. नाही. दुसरी, स्पर्शबिंदूकडे. काटकोन. आता लिही, आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिही.

शेवटची घंटा झाली तेव्हा तुझं शेवटचं वाक्य पूर्ण झालेलं होतं. पुरवणी बांधताना दोऱ्याची गाठ दोनदा सुटली, एवढंच.

बाहेर मुली उत्तरं ताडून बघतायत. बाबा तुझ्या हातातली प्रश्नपत्रिका घेतात, उलटसुलट करतात आणि नीट चौघडी घालून खिशात ठेवतात. कसा गेला ते विचारत नाहीत.

“विज्ञान परवा ना?”

“हो.”

“मग उद्या मी पहिली पाळी घेतो. तीनपर्यंत खोली तुला मोकळी.”