शब्दवेध : वसाहत

एम.ए.ला ‘वसाहतोत्तर साहित्य’ हा पेपर असतो. त्यातली ‘वसाहत’ आली ‘वसणे’वरून, कामगार वसाहत, औद्योगिक वसाहत, सगळं कसं सोज्वळ. कुणाला उठवून वसवली, हे शब्द सांगत नाही. ‘कॉलनी’चं मूळ लॅटिन ‘कोलेरे’, म्हणजे जमीन कसणे. निवृत्त रोमन सैनिकांना जिंकलेल्या मुलखात जमिनी देऊन वसवत, ती ‘कोलोनिया’. जर्मनीतल्या कोलोन शहराचं नाव त्यातलंच. ‘कल्चर’ही त्याच धातूचं! नांगर आधी, शेक्सपिअर मागाहून. वसाहत गेल्यावरही मागे उरलेल्या या शेक्सपिअरलाच पुढे आव्हान मिळालं. १९६८ साली नैरोबीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात केनियन लेखक न्गुगी वा थिओंगो (तेव्हाचे जेम्स न्गुगी) आणि दोन सहकाऱ्यांनी टिपण दिलं: इंग्रजी विभागच बंद करा, त्याजागी आफ्रिकी साहित्य-भाषांचा विभाग काढा. मौखिक परंपराही अभ्यासाला लावा, असा त्यांचा आग्रह होता.