छोटं घर बांधताय? गवंड्याला बोलवायच्या आधी नकाशा ठरवा

खानापूर, प्रतिनिधी :

आपल्या तालुक्यात गणपती झाले की घराच्या गोष्टी सुरू होतात. मुंबई, पुणे, गोव्याहून भाऊ-पुतणे आलेले असतात, जुन्या घराची भिंत पावसात फुगलेली असते, आणि जेवणं उरकली की सोप्यात बसून कोणीतरी म्हणतंच, "आता बांधायलाच पाहिजे." २०१९ च्या ऑगस्टमधल्या अतिवृष्टीत बेळगाव जिल्ह्यात हजारो घरांची पडझड झाली. त्यानंतर मातीच्या भिंतींवरचा विश्वास बऱ्याच जणांचा उडाला. पण बांधायचं ठरलं की पहिला फोन जातो गवंड्याला किंवा सेंट्रिंगवाल्याला. नकाशा मात्र जाग्यावर, काठीने मातीत रेघा ओढून ठरतो. पुढची तीस-चाळीस वर्षं घरातली माणसं त्या रेघांप्रमाणे राहतात.

ही माहिती खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात आणि पलीकडे चंदगड, गडहिंग्लज, सावंतवाडी किंवा गोव्यात लहान घर बांधणाऱ्यांसाठी एकत्र केली आहे. सोयीसाठी ३० बाय ४० फुटांचा प्लॉट धरला आहे, कारण कर्नाटकातल्या लेआऊटमध्ये हाच आकार जास्त दिसतो.

आधी कागद, मग रेघा

जागा किती आहे हे कागदावर वाचताना सीमेच्या दोन बाजूंना घोटाळा होतो. कर्नाटकात पहाणी उताऱ्यावर एकर, गुंठे, आणे असतात. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात. गोव्यात एक-चौदाच्या उताऱ्यावर चौरस मीटर असतात. लक्षात ठेवायचा हिशेब असा : १ गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. दोन्ही जवळपास असले तरी एक नाहीत. ३० बाय ४० चा प्लॉट १२०० चौरस फुटांचा, म्हणजे गुंठ्याहून थोडा मोठा.

जमीन शेतीची असेल तर कर्नाटकात आधी बिगरशेती म्हणजे एन.ए. करून घ्यावी लागते. गोव्यात त्यासाठी सनद लागते. कर्नाटकात ग्रामपंचायत हद्दीतल्या मिळकतीला ई-स्वत्तूचा नमुना ९ आणि ११ बघावा. कागद कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर येणाऱ्याला शेजारी बसवून चतुःसीमा आणि मापं ओळ न ओळ वाचून घ्या. "तसंच असेल" म्हणून सही करू नका. बँक कर्ज देताना याच कागदांवर आणि मंजूर नकाशावर बोट ठेवते.

चारी बाजूंना किती जागा सोडायची, ज्याला सेटबॅक म्हणतात, ते ग्रामपंचायत, नगरपंचायत, बुडा यांच्या हद्दीप्रमाणे आणि रस्त्याच्या रुंदीप्रमाणे बदलतं. हा आकडा लेखी घेतल्याशिवाय पुढचं काही ठरवू नये.

जुनं घर काय शिकवतं

जुन्या घरांचा क्रम आठवून बघा. अंगण, कट्टा, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, मागे परडं. बाहेरचा माणूस सोप्यापर्यंत, घरचा माजघरापर्यंत, आणि ओलं काम सगळं मागे. खोल्या अंधाऱ्या होत्या हे खरं, पण चिखलाचे पाय कुठे धुवायचे, भिजलेलं इरलं कुठे टांगायचं, लाकडं कुठे कोरडी ठेवायची, याची जागा ठरलेली होती. आजच्या अनेक नकाशांत रस्त्यावरचं दार थेट हॉलमध्ये उघडतं, आणि जून ते सप्टेंबर टीव्हीसमोर बादल्या आणि ओल्या चपला असतात.

आपला तालुका पावसाच्या बाबतीत एक नाही. कणकुंबी, जांबोटी, लोंढा बाजूला घाटाचा पाऊस. पूर्वेला इटगी, पारिश्वाडकडे तो बराच कमी. त्यामुळे बेळगावातल्या मित्राच्या घराचा नकाशा जांबोटीला जसाच्या तसा चालत नाही. घाटाकडच्या घराला पुढे निदान पाच फूट पडवी, पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या भिंतींवर अडीच-तीन फूट छपराचा पुढावा, आणि कपडे वाळवायला झाकलेली जागा नकाशातच हवी. ती नंतर पत्रा मारून होते, पण मग स्वयंपाकघराचा उजेड जातो. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट उंच असावं, असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. रस्ता दरवेळी डांबर पडून वर येतो, म्हणून तो दीड फूट रस्त्याच्या पातळीपासून मोजलेला बरा.

खोली केवढी असावी

राष्ट्रीय बांधकाम संहितेत किमान मापं दिलेली आहेत. फुटांत साधारण अशी :

- दोन खोल्या असतील तर एक किमान १०२ चौरस फूट, दुसरी किमान ८१ चौरस फूट.
- जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर ५४ चौरस फूट. तिथेच जेवायचं असेल तर ८१ चौरस फूट.
- संडास-बाथरूम एकत्र असेल तर ३० चौरस फूट, रुंदी किमान चार फूट.
- राहत्या खोलीची उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट.
- दमट, उष्ण हवेत खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या एक षष्ठांश. ११५ फुटांच्या खोलीला साधारण १९ फूट, म्हणजे तीन बाय साडेतीनच्या दोन खिडक्या.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट लागतात, स्वयंपाकाची जागा धरून. तेवढ्यातही नीट घर होतं, पण तिथे एक फूट चुकला तरी तो रोज जाणवतो.

३० बाय ४० मधलं एक घर

बाजूंना तीन-तीन फूट आणि पुढे-मागे पाच-पाच फूट सोडले असं धरू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. बांधकाम उरतं २४ बाय ३०, म्हणजे ७२० चौरस फूट. बाहेरच्या भिंती नऊ इंच, आतल्या सहा इंच. आत दोन पट्टे पाडायचे.

उजवा पट्टा साडेअकरा फूट रुंद. पुढे हॉल, १५ फूट खोल. मागे स्वयंपाकघर, १३ फूट खोल. जेवण, देव्हारा आणि परड्याचं दार त्यातच.

डावा पट्टा साडेदहा फूट रुंद. पुढे एक खोली ११ फूट खोल, मागे दुसरी ११ फूट खोल. मध्ये साडेपाच फुटांची पट्टी. त्या पट्टीत बाहेरच्या भिंतीला लागून साडेसहा बाय साडेपाचचं बाथरूम-संडास, आणि हॉलच्या बाजूला साडेतीन फुटांचा बोळ. बोळ हॉलमध्ये उघडतो. दोन्ही खोल्यांची आणि बाथरूमची दारं बोळात येतात. त्यामुळे पाहुणा हॉलमध्ये बसला असला तरी बाथरूमचं दार त्याच्या तोंडासमोर येत नाही.

हिशेब घातला तर वापरायची जागा ६०८ चौरस फूट होते. ११२ चौरस फूट भिंती खातात. गवंडी ७२० चे पैसे घेतो, आपण ६०८ मध्ये राहतो. म्हणून प्रत्येक जादा आतली भिंत दोनदा महाग पडते, एकदा पैशात आणि एकदा जागेत.

या नकाशात उणीव आहेच. बाथरूम एकच आहे आणि पडवी पाच फुटांच्या मोकळ्या जागेवर अवलंबून आहे. तिथे छपराला परवानगी मिळत नसेल तर हॉलचे चार फूट पडवीला द्यावेत. हॉल अकरा फुटांचा राहतो, पण घर कोरडं राहतं. मात्र अकरा फुटांवर हॉल संपला तर बोळाचं तोंड स्वयंपाकघराकडे येतं, हे लक्षात घेऊन मधली भिंत तेवढी मागे ठेवावी.

जिना आज ठरवा

"आता एकच मजला, पुढे पोरं वर बांधतील" हे प्रत्येक घरात ऐकू येतं. मग जिना कुठे? मजल्याची उंची १० फूट धरली तर पावणेसात इंचाच्या १८ पायऱ्या होतात. पाय ठेवायला १० इंच, तीन फूट रुंदी, मध्ये वळण. अशा जिन्याला सुमारे साडेनऊ-पावणेदहा बाय साडेसहा, म्हणजे ६३ चौरस फूट लागतात. हॉल १७२ चौरस फुटांचा आहे. जिना त्यात घेतला तर १०९ उरतो. समजा, बांधकामाचा दर फुटाला २००० रुपये धरला, तर ही जागाच सव्वा लाखाची झाली.

प्लॉट थोडा मोठा असेल तर जिना बाहेरून घ्या. दोन भावांचं घर असेल तर बाहेरचा जिना भांडणंही वाचवतो, कारण उद्या वरचा मजला वेगळा करता येतो. वर कधीच बांधायचं नसेल तर तसं स्पष्ट ठरवा आणि उतरतं छप्पर घ्या. खानापूरला माती आणि कौलांची जुनी ओळख आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही इथेच आहे. कौलाचं छप्पर घाटाच्या पावसात पाणी साठू देत नाही. स्लॅब घालून वर पुन्हा पत्र्याचं शेड मारण्यापेक्षा ते स्वस्तही पडू शकतं.

म्हातारपणाचं माप

इथे स्वतःचं सांगतो. आमचं घर बांधलं तेव्हा मी हॉल मोठा घेतला. चार माणसं येतात-जातात, शोभा दिसावी म्हणून. खाली संडासाला उरलेली जागा दिली, दार सव्वादोन फुटांचं, आणि आत पाणी बाहेर येऊ नये म्हणून सहा इंचांचा उंबरा. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून हा हिशेब चुकला. आईचे गुडघे गेले तेव्हा वॉकर त्या दारातून जाईना. ती उंबऱ्याशी थांबायची आणि हाक मारायची नाही, कोणाला त्रास नको म्हणून. शेवटी भिंत फोडून दार मोठं केलं. खर्च झालाच, पण आईचे ते दोन पावसाळे परत आले नाहीत.

म्हणून नकाशात एवढं पक्कं लिहून घ्या :

- तळमजल्यावर एक झोपायची खोली आणि तिच्याजवळ संडास-बाथरूम हवंच.
- त्या दोन्ही दारांची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, म्हणजे तीन फूट. चौकट धरून माप द्या.
- बाथरूमला उंबरा नको. लादीला उतार द्या, अर्ध्या इंचाचा फरक पुरतो.
- संडासाच्या बाजूला धरायला दांडी बसेल अशी पक्की भिंत ठेवा.
- पुढच्या पायऱ्यांच्या बाजूला उतारासाठी जागा सोडा.

बाहेरच्या दोन गोष्टी

विहीर किंवा बोअर आणि शोषखड्डा यांत किमान १८ मीटर, म्हणजे साठ फूट अंतर असावं असं भारतीय मानक सांगतं. ३० बाय ४० मध्ये ते बसतच नाही. म्हणून शेजाऱ्याची विहीर, आपला खड्डा, त्याचा खड्डा हे सगळं एका कागदावर मांडून बघा. पिण्याचं पाणी नळाचं असलं तरी उन्हाळ्यात आपण विहिरीकडेच वळतो.

दुसरी गोष्ट गणपतीची. वर्षातले पाच-सात दिवस घरात वीस माणसं असतात. मखर कुठे बसणार, आरतीला माणसं कुठे उभी राहणार, पंगत कुठे बसणार? वरच्या नकाशात हॉलच्या मागच्या भिंतीला मखर आणि पुढे पडवीपर्यंत माणसं, असं जमतं. त्यासाठी वेगळी खोली नको, फक्त त्या भिंतीत दार नको.

वास्तू बघायची असेल तर तीही याच वेळी बघा. हा नकाशा डावा-उजवा उलटवता येतो. पाया भरल्यावर स्वयंपाकघर हलवायला सांगणारे सल्लागार सगळ्यात महाग पडतात.

फक्की मारून बघा

शेवटचं काम पैशाविना होतं. नकाशा झाला की प्लॉटवर दोरी लावून, फक्कीने खऱ्या मापात सगळ्या भिंती आखा. घरातली खाट, कपाट, गॅसचा कट्टा यांच्या मापाचे पुठ्ठे किंवा चटया त्यात टाका. साडेदहा फुटांच्या खोलीत दोन फुटांचं कपाट आणि सव्वासहा फुटांची खाट ठेवली की मध्ये सव्वादोन फूटच राहतात, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईला कट्ट्याजवळ उभी करून उंची विचारा. ती ३२ इंच म्हणाली तर ३२. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खोलीपासून बाथरूमपर्यंत चालायला सांगा. मुलांना विचारा, पुस्तकं कुठे.

दोन-चार संध्याकाळी असं फिरून झाल्यावर जे बदल सुचतील ते नकाशावर करून घ्या, परवानगी काढा, आणि मग गवंड्याला फोन लावा. फक्कीची रेघ पायाने पुसता येते, भिंतीचं तसं नसतं.